येऊर, ऐरोली, दिवाळे, खारघर: चौदा जणींचे तीन दिवस

सहल ठरवताना अट एकच होती. काही झालंच तर तासाभरात आपापल्या हॉस्पिटलच्या दारात पोचता आलं पाहिजे. महाबळेश्वर बाद, गणपतीपुळे बाद. उरलं आपलं ठाणं आणि खाडीपलीकडची नवी मुंबई. "एवढ्याला काय सहल म्हणतात?" अशी घरोघरी चेष्टा झाली, ती खपवून घेतली.

चौदा जणी, वयं ४३ ते ६१. सगळ्यांना स्तनाचा कर्करोग झालेला. नऊ जणींचे मोठे उपचार संपले, आता रोजची गोळी आणि ठरलेल्या तपासण्या. तिघींचे उपचार चालू. दोघींचा आजार हाडांत पोचलेला, म्हणजे त्यांचे उपचार चालूच राहणार. अशा गटात तारीख ठरवणं हेच खरं काम. एकीची केमो दर २१ दिवसांनी होती. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात आणि तेव्हा साधा संसर्गही महागात पडतो. म्हणून तिचा सतरावा दिवस शुक्रवारी यावा असं बघून फेब्रुवारीतला आठवडा धरला. तिने डॉक्टरांना विचारलं, आदल्या दिवशी रक्त तपासून घेतलं, मग पिशवी भरली.

प्रत्येकीच्या पर्समध्ये एक कागद: कोणत्या बाजूची शस्त्रक्रिया, काखेतल्या गाठी (लिम्फ नोड) काढल्या का, चालू गोळ्या, कशाची अॅलर्जी, हॉस्पिटलचा फाइल नंबर, घरच्या माणसाचा फोन. सगळ्यांत मिळून दोन थर्मामीटर. केमोवालीचा नियम सगळ्यांना पाठ करायला लावला होता: ताप १००.४ फॅरनहाइटला टेकला की क्रोसिन देऊन वाट बघत बसायचं नाही, सरळ निघायचं. हाडांच्या आजाराच्या दोघींसाठी दुसरा नियम. पाठीत नवं दुखणं, पायात अचानक अशक्तपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर, दुसऱ्या सकाळची वाट नाही.

आणि जांभळी फीत. ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या त्या मनगटाला ती सैल बांधायची, खाली दोन बोटं जातील इतकी. अर्थ एवढाच, की हा हात धरून ओढू नका आणि याला पिशवी देऊ नका. दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया झालेल्या एकीने दोन फिती बांधल्या आणि म्हणाली, "मला कमरेला धरा."

शुक्रवार: येऊर

छोटी बस सकाळी सातला उपवन तलावाकडून वर चढली. हाडांचा आजार असलेल्या दोघी पुढच्या सीटवर, कारण गतिरोधकाचा दणका मागच्या चाकावर बसणाऱ्याला जास्त लागतो. फेब्रुवारीत येऊरला सकाळी अजून गारवा असतो. पळस फुलायला लागले होते आणि तांबट पक्ष्याचं टुकटुक कुठून येतंय ते शेवटपर्यंत कळलं नाही. गाव संजय गांधी उद्यानाच्या कुशीत, त्यामुळे वनखात्याची चौकी आहे. संध्याकाळनंतर वर जायचा बेत असेल तर आधी चौकशी करावी.

चालणं पाऊण तासाचं, पुढे सगळ्यात हळू चालणारी. हे उलटं केलं की मागे राहिलेली बिचारी पोचेपर्यंत पुढच्यांची विश्रांती संपते आणि त्या उठून निघतात. केमोमुळे दोघींच्या तळव्यांना बधिरपणा होता. त्यांना बंद बूट आणि जाड मोजे सक्तीचे, कारण चप्पलेत खडा गेला तरी त्यांना कळत नाही.

परतताना व्हायचं ते झालंच. पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंग्यांची फांदी एकीने बाजूला सारली, तीही फीत बांधलेल्या हाताने. मनगटावर चार चावे. काखेतल्या गाठी काढल्यावर त्या हातातल्या लसिकेचा (लिम्फ या द्रवाचा) निचरा मंदावतो, त्यामुळे लहान जखमेतून शिरलेला जंतू तिथे लवकर हातपाय पसरतो. साबण-पाण्याने धुतलं, जंतुनाशक लावलं, खाजवायला मनाई केली. मग लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारली आणि शेजारी वेळ लिहिली: ९.४०. दर दोन तासांनी बघायचं. लाली रेघेबाहेर गेली, हात गरम लागला किंवा थंडी वाजून आली तर लगेच डॉक्टर, कारण हातातला जंतुसंसर्ग प्रतिजैविकाशिवाय आवरत नाही. पावणेबाराला लाली रेघेच्या आत होती, दोनला आणखी फिकी. संध्याकाळपर्यंत ती रेघच दागिन्यासारखी मिरवत फिरत होती.

जेवण पाड्यावरच्या एका बाईंनी रांधलं. नाचणीची भाकरी, चवळीची उसळ, लसणाचा ठेचा. केमोवालीच्या तोंडात फोड होते, तिला मऊ भात, तूप आणि मेतकूट. आधी फोन करून सांगितलं होतं, तरी बाईंनी प्रेमाने ठेचा वाढलाच. तोंड आलेल्या माणसाला आग्रह करू नये, एवढं यजमानांना दोनदा सांगावं लागतं. कच्ची कोशिंबीर आणि माठातलं पाणीही तिला नको होतं. उकळून गार केलेलं पाणी बरोबर होतं.

मुक्काम येऊरलाच, एका बंगल्यात. रात्री शिवण काढलं.

स्तन काढल्यानंतर ब्रामध्ये जे बसवायचं त्याला आम्ही "गोळा" म्हणतो. सिलिकॉनचा उत्तम, पण महाग आणि आपल्या दमट हवेत तापतो. शिवाय शस्त्रक्रियेनंतरचे पहिले सहा-आठ आठवडे जखमेवर वजन चालत नाही, तेव्हा कापडी हलकाच लागतो. गटातल्या शिवणाच्या बाईंनी सांगितलेलं माप ३४ च्या मध्यम अंगाचं आहे. मागचा गोल १४ सेंटिमीटर व्यासाचा, पुढचा १८ चा. पुढच्या गोलाला कडेने चार टक्स, प्रत्येकी ३ सेंटिमीटरचे. म्हणजे त्याचा घेर मागच्या गोलावर बरोबर बसतो आणि मधोमध उभार येतो. शिवणीसाठी एक सेंटिमीटर वेगळं धरायचं. कापड धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचं. उलट्या बाजूने शिवून पाच सेंटिमीटर फट ठेवायची, सुलटायचं, उशीतला पॉलिस्टर कापूस ५० ते ७० ग्रॅम भरायचा. कापूस पिंजून थोडा थोडा घालावा. एकदम कोंबला की चेंडू होतो, आणि चेंडू कुठल्याही ब्लाउजमध्ये चेंडूच दिसतो.

वजनाशिवाय काम भागत नाही. हलक्या बाजूची ब्रा वर सरकते, खांदा उचलला जातो आणि महिन्या-दोन महिन्यांत मान धरते. त्यासाठी घट्ट विणीच्या कापडाच्या पुरचुंडीत काचेचे गुळगुळीत मणी १०० ग्रॅम, आणि ती पुरचुंडी कापसाच्या मधोमध, जरा खालच्या अंगाला, व्रणाला टोचणार नाही अशी. मग आरशासमोर हात सैल सोडून उभं राहायचं. पट्टी वर चढत असेल तर ५० ग्रॅम वाढवायचे. पुष्कळ जणी तांदूळ किंवा मोहरी भरतात. घामाने ते ओलं होतं, वास मारतं आणि धुता येत नाही. जुन्या ब्राला आतून पातळ सुती कप्पा लावायचा, काखेच्या बाजूने उघडा. वाकलं तर गोळा गळ्यातून बाहेर डोकावत नाही.

साडेदहापर्यंत अकरा गोळे झाले. हात शिवणात गुंतले की तोंडं मोकळी होतात. लेट्रोझोल या रोजच्या हार्मोन-रोधक गोळीमुळे सकाळी बोटं कशी आखडतात, योनीमार्ग कोरडा पडतो आणि ते नवऱ्याला सांगायचं कसं, यावर त्या रात्री जे बोलणं झालं ते बाहेर कुठे होत नाही. कोरडेपणासाठी हार्मोन नसलेली जेल मिळतात, इस्ट्रोजेनची क्रीम मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. टॅमॉक्सिफेन या तसल्याच दुसऱ्या गोळीवर असणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. नैराश्यावरच्या काही गोळ्या, विशेषतः पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन, टॅमॉक्सिफेनचं शरीरात होणारं रूपांतर अडवतात. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर आपली गोळी सांगा.

हाडांचा आजार असलेली एक त्या रात्री शांतपणे म्हणाली, "कॅन्सरवर मात केली, असं कुणी म्हटलं की मी कुठल्या रांगेत उभं राहायचं ते मला कळत नाही." तेव्हापासून गटात तो शब्द नाही. "कितवी स्टेज?" हेही विचारत नाही. विचारायचं ते "आज काय जमेल?"

शनिवार: ठाणे ते ऐरोली, मग बेलापूर

ट्रान्स हार्बरच्या लोकलने ठाण्याहून ऐरोली दुसरं स्टेशन, २०२४ पासून मध्ये दिघा गाव आलंय. लेडीज डब्यात फीत असलेला हात खिडकीच्या बाजूला ठेवायचा आणि उभं राहायचं तर कडी दुसऱ्या हाताने धरायची. गर्दीतला धक्का नेमका त्याच खांद्याला बसतो.

सकाळी स्लीव्ह, म्हणजे दाबाची बाही, चढवण्यात अर्धा तास गेला, तो धरूनच वेळ ठरवावी. हात सुजणाऱ्या चौघी. दाबाची बाही उठल्या उठल्या, सूज उतरलेली असताना घालायची. रबरी हातमोजा घातला की कापड सरकवायला पकड मिळते, नखंही लागत नाहीत. कोपरात घडी राहिली तर तिथेच दोरीसारखा काच बसतो. रोज हलक्या साबणाने धुवायची, म्हणून बाह्या दोन लागतात. टेपने मापही घेतलं: मनगट, कोपराखाली १० सेंटिमीटर, कोपरावर १० सेंटिमीटर, दोन्ही हातांचं. फरक दोन सेंटिमीटरच्या वर गेला की फिजिओथेरपिस्टकडे. एकदा रक्तदाब मोजला म्हणून हात सुजतो, ही भीती उगाच फार वाढवली गेली आहे. मोठी कारणं म्हणजे काखेची मोठी शस्त्रक्रिया, काखेवरचे किरणोपचार, वाढलेलं वजन आणि संसर्ग. हळूहळू वाढवत नेलेल्या व्यायामाने हात सुजत नाही.

ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रातून रोहित पक्षी बघायला बोट सुटते. वेळ भरती-ओहोटीवर ठरते, आदल्या दिवशी बुकिंग बघावं आणि सोमवार टाळावा. बोटीत चढताना बोटवाल्या दादांनी सवयीने हात पुढे केला. पहिलीच म्हणाली, "दादा, जांभळ्या फितीचा नको, हा धरा." तिसऱ्या बाईपर्यंत दादा स्वतःच मनगट बघून हात निवडायला लागले. दोन फितीवालीला त्यांनी कोपराखाली आधार देऊन उतरवून घेतलं, अगदी समई उचलावी तसं.

लाइफ जॅकेटची पंचाईत मात्र आधी लक्षात आली नव्हती. छातीवरचा पट्टा नेमका व्रणावर येतो आणि जिच्या गळपट्टीच्या हाडाखाली केमोचं पोर्ट (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेली छोटी डबी) आहे तिच्या पोर्टवर. जॅकेट काढून बसायचं नाही, हे पक्कं. एक माप मोठं मागितलं, वरचा पट्टा सैल, कमरेचा घट्ट, आणि मध्ये चौघडी नॅपकिन. पट्टा आवळला की गोळा हनुवटीकडे चढतो. एकीने तो काढून पर्समध्येच टाकला, "खाडीत पडला तर रोहित उबवत बसतील."

बोट तिवरांमधून बाहेर आली आणि चिखलावर गुलाबी पट्टा दिसला. छोटा रोहित जास्त गडद, चोच काळपट लाल. मोठा रोहित फिकट, चोच गुलाबी आणि टोक काळं. पिल्लं करडी असतात, शेवाळातलं आणि कोळंबीसारख्या बारीक जिवांतलं रंगद्रव्य अंगात मुरायला त्यांना दोन-तीन वर्षं लागतात. २०१५ मध्ये हे अभयारण्य झालं, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं. थवा उडाला तेव्हा पंखांखालचा लाल-काळा रंग दिसला आणि बोटीत कुणी बोललं नाही. तेवढ्यात एकीला हॉट फ्लश आला, म्हणजे अंगातून अचानक गरम लाट, चेहरा लालबुंद. शेजारणीने काही न विचारता ओला नॅपकिन मानेवर ठेवला आणि पंखा हातात दिला. अशा वेळी हवा लागते, चौकशी नको असते.

पाण्यावरचं ऊन जास्त लागतं. किरणोपचार झालेल्या बाजूची मान आणि गळपट्टी सुती ओढणीने झाकावी, उघडं राहील तिथे किमान ३० एसपीएफचं क्रीम.

बेलापूरला गेस्ट हाऊसने "तळमजला, लिफ्ट" असं फोनवर सांगितलं होतं. निघाला दुसरा मजला आणि लिफ्ट बंद. भांडण्यात पाच मिनिटं घालवली, मग जिन्यावर दर चार पायऱ्यांवर एक अशी रांग केली आणि पिशव्या फीत नसलेल्या हातांनी वर चढल्या. बुकिंग करताना फोनवर विचारू नका, जिन्याचा आणि संडासाचा व्हिडिओ मागवा.

संध्याकाळी दिवाळे कोळीवाडा. एका कोळीणीच्या घरी जेवण: ओले बोंबील, कोळंबीचं कालवण, तांदळाची भाकरी. वाढता वाढता तिने विचारलं, "काय गो बाय, ही फीत कसली सगळ्यांना?" सांगितलं. ती आत गेली, भाकऱ्या घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "माझ्या जावेला हाय गाठ. सात-आठ महिने झाले. पण दुखत नाय ना, म्हणून दाखवली नाय."

जेवण तिथेच थांबलं. दुखत नाही म्हणूनच दाखवायची, हे पहिलं. स्तनातल्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. काय काय करतात तेही सांगितलं. डॉक्टर आधी हाताने तपासतात, मग मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी, मग बधिर करून जाड सुईने गाठीचा तुकडा. सुईने आजार पसरत नाही, ही अफवाच बायकांना घरी बसवते. बऱ्याच गाठी साध्याही निघतात. तोवर चोळायची नाही, लेप लावायचा नाही. हाताने तपासण्यात काय आहे, असं वाटेल. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्यांना प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी.

जावेला बोलावलं. ती दारातच उभी राहिली, पदर घट्ट धरून. तिला कुणी धीर वगैरे दिला नाही. आमच्यातल्या दोघींनी वार ठरवला आणि यादी लिहून दिली: आधार कार्ड, शिधापत्रिका (सरकारी योजनेला दोन्ही लागतात), जुने कागद, पाणी, डबा. साडी नेसून या म्हणजे फक्त ब्लाउज काढावा लागेल. काखेत पावडर लावू नका, तिचे कण मॅमोग्राफीत ठिपक्यांसारखे दिसतात.

रविवार: मेट्रोने खारघर

बेलापूर ते पेंधर मेट्रो २०२३ च्या नोव्हेंबरपासून चालू आहे. आम्ही सेंट्रल पार्कला उतरलो. डबे रिकामे, सरकता जिना चालू, गुडघे दुखणाऱ्या सगळ्या खूश.

टाटाचं खारघरचं केंद्र याच भागात, डोंगराच्या पायथ्याशी. विदर्भ-खानदेशातून आलेल्या बायका आसपास खोल्या घेऊन राहतात आणि रविवारी उपचार नसले की पार्कात येऊन बसतात. दोघींशी आधीच फोनवर बोलणं झालं होतं, त्या आणखी पाच जणींना घेऊन आल्या. अकरातले सात गोळे तिथे वाटले. जळगावकडच्या एकीला लगेच घालून बघायचा होता. तिचे किरण चालू होते, पंधरापैकी नऊ झालेले. तिला थांबवलं. किरण संपून कातडी भरून येईपर्यंत त्या बाजूला सैल सुती झंपर, गोळा पेटीत. कोमट पाणी, न घासता टिपून घेणं, आणि डॉक्टरांनी मारलेल्या रेघा अजिबात पुसायच्या नाहीत. ती म्हणाली, "सासू रोज म्हणते, शाई लागली, घास जरा."

केस गेलेल्या तिघींना रुमाल बांधायला शिकवलं. चौरस सुती रुमाल ९० सेंटिमीटरचा, त्रिकोणी घडी, कड भुवईच्या दोन बोटं वर, गाठ मानेखाली आणि टोक गाठीत खोचलेलं. रेशमी घेऊ नये, टाळूवरून घसरतो. वारा सुटला तेव्हा आमच्यापैकी एकीचाच उडाला आणि सात अनोळखी बायका तो पकडायला हिरवळीवर धावल्या.

शेवटी चार गोळे उरले. मापं लिहून घेतली आहेत, मोठे तीन हवे आहेत, ३८ चे. त्यासाठी मागचा गोल १६ चा धरून बघणार आहोत, टक्स साडेतीनचे.

मंगळवारी सकाळी साडेसहाला आमच्यातल्या दोघी बेलापूर स्टेशनबाहेर उभ्या होत्या. कोळीण जावेला घेऊन वेळेआधीच आली होती, हातात डबा आणि कागदांची पिशवी. लांबूनच ओरडली, "पावडर लावू दिली नाय गो तिला!"